न वाचलेल्या अंकाची किंमत

मी एक कॉमिकचा अंक बोलतोय. दहापैकी नऊ पूर्णांक आठ दशांश गुण मिळवलेला. कौतुक नको, मला मान वर करवत नाही.

छापखान्यातून आम्ही हजारो भावंडं बाहेर पडलो. मला एका आईने लेकीसाठी आणलं. लेकीने हात पुढे केला तर आई म्हणाली, "आधी परीक्षा. मग देते." मी कपाटात चादरींखाली गेलो. एक परीक्षा झाली, दुसरी आली. आई विसरली. लेक मागायची थांबली.

भावंडांना घड्या घालून खिशात कोंबलं, त्यांच्यातल्या राजांना पेनाने मिशा काढल्या, शेवटी पानांच्या पुड्या झाल्या. बिचारी वाचली जाऊन संपली.

लेकीचे केस पिकले तेव्हा कपाट आवरताना मी सापडलो. तिने मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेलं, आणि दुकानदाराने अंक किती कोरा राहिलाय याचे गुण देणाऱ्यांकडे मला तपासणीला पाठवलं. तिथे हातमोजे घालून, भिंगातून माझे कोपरे पाहिले, पिना पाहिल्या. गोष्टीची एक ओळ कुणी वाचली नाही. गुण दिले आणि कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद केलं.

दुकानदार खूश. "ताई, इतका कोरा दुसरा नाही. थांबा, भाव अजून चढेल."

"पण मला वाचायचाय हो."

"डबी फोडलीत की गुण गेले. मग रद्दीच समजा."

ती थांबली. तेवढ्यात एका बंद गोदामात माझ्या भावंडांचे गठ्ठेच्या गठ्ठे निघाले. सगळे कोरे. माझा भाव धाडकन कोसळला. हरवलेली भावंडं सापडली, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आता मला कोण विचारणार! सांगतानाही लाज वाटते.

खुर्चीतली म्हातारी आई म्हणाली, "फोड गं आता. मीच अडवलं होतं ना."

"चष्म्याशिवाय दिसत नाही मला."

"मग लाव की चष्मा! तोही परीक्षा झाल्यावर लावणारेस का?"

लेकीने स्क्रू-ड्रायव्हरने डबी उचकटली. दोन पानं वाचली. माझी गोष्ट अगदी पोरकट होती. दहा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेली. त्या मुलीपर्यंत मी पोचलोच नाही.

तुमच्या घरी कुणी असा हात पुढे केला, तर देऊन टाका हो. फाटू दे.

"कशी आहे गं?" आईने विचारलं.

"मस्त आहे," लेक म्हणाली. आईला वाईट वाटू नये म्हणून शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिली. हसायच्या जागी हसलीसुद्धा.