लाभ, दोन, तीन

रविवारी सकाळी साडेदहा वाजता अकोल्यातल्या एका शाळेच्या सभागृहात शालूनं फळ्यावरचा सहाचा आकडा पुसला आणि पाच लिहिला. पहिलं उत्तर बरोबर होतं.

डिसेंबर १९५९. देशभरच्या शाळांसाठी गणिताची स्पर्धा होती आणि या तोंडी फेरीतून दोघांना दिल्लीला जायचं होतं. अकोटची शालू मॅट्रिकच्या वर्गात. इथवर पोचलेली मुलगी ती एकटीच. प्रश्न तिला सोपाच गेला: पन्नासच्या आत अशा मूळ संख्या किती, की ज्यांना चारानं भागलं तर बाकी एक उरते? पाच, तेरा, सतरा, तिनं झरझर संख्या मांडल्या. शेवटी सहा लिहिले आणि पडताळा म्हणून एकेकीवर खडू टेकवत मोठ्यानं मोजलं, "लाभ, दोन, तीन..."

घरची सवय. तिची आई इंदूबाई अकोटच्या बाजारात पायलीनं ज्वारी विकते. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, बरकत राहते.

सभागृहात खसखस पिकली. पुढच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "अबे, जवारी मोजून राहिली हे!" मग हसू कुणालाच आवरेना.

मुंबईहून आलेले परीक्षक हसले नाहीत. त्यांना कळलंच नव्हतं. "पाचला तू काहीतरी वेगळं म्हणालीस. ती संख्या धरलीस की नाही?"

लाभ म्हणजे एकच, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मग तो लाभ कुठला, हेही सांगावं लागलं असतं. शालूचे कान तापले. मागच्या भिंतीशी माय बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून.

"नाही धरली, सर. चुकलं माझं."

तिनं सहा पुसले.

"आवो साहेब!" इंदूबाई उभीच राहिली. "लाभ म्हंजे एकच होये! पोरगी चुकली नाई!"

"या बाई कोण?" परीक्षकांनी शालूलाच विचारलं.

शालू बोटांत खडू फिरवत राहिली. शेवटी तिचे शालिकराम मास्तर म्हणाले, "तिची आई आहे, साहेब."

बदललेलं उत्तरच धरलं गेलं. मास्तरांनी तिथल्या तिथं हरकत घेतली, तेव्हा निर्णय दिल्लीवर सोपवण्यात आला.

अकोटच्या एस.टी.त इंदूबाई एवढंच बोलली, "भूक लागली का तुले?" शालूनं नाही म्हणून मान हलवली.

बुधवारी बाजार भरला. शालू पोत्याचं तोंड धरून मायजवळ बसली. पहिलं गिऱ्हाईक नेहमीचा देवमन. इंदूबाईनं पायली भरली, वरून हात फिरवला आणि त्याच्या धोतराच्या पदरात ओतताना म्हणाली, "एक."

देवमन चमकला. "काहून वो इंदूबाई? लाभ म्हना ना! सकाळच्या पारी एक म्हंता?"

इंदूबाईनं पुढची पायली भरली.

"दोन."

शालूनं मान वर केली नाही. दिल्लीहून अजून काही कळलेलं नाही.