दोन्ही भाग उजवे

टेलरिंगच्या दुकानाच्या माळ्यावरून पडलो तेव्हा एकही हाड मोडलं नाही, तिथेच सगळं बिनसलं. हात मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं, लोकांनी दोन गोड शब्द बोलून बसायला खुर्ची दिली असती. मार बसला मेंदूला. टाके निघाले, केस पुन्हा उगवले आणि मी दिसायला ठणठणीत झालो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, मास्तर, तब्येत सुधारली की तुमची. सुधारली म्हणजे वजन वाढलंय, कारण दुपारभर आडवा असतो. पण हे कुणाकुणाला समजावत बसू? समजावण्यानेही दमायला होतं.

आणि हे दमणं नेहमीचं नव्हे. पूर्वी दिवसभर कापड कापून पाठ धरायची, रात्री झोपलं की सकाळी मी पुन्हा टेबलापाशी हजर. आता डोळे उघडे असतात, हात चालू असतो आणि डोकं मध्येच काम सोडून निघून जातं. ट्यूबलाइट डोळ्यांत खुपते. सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या की वाटतं, माझ्याच कवटीवर शिवण घालतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमल्यावर नाही, दमायच्या आधी विश्रांती घ्या. भूक लागायच्या आधी ढेकर द्या म्हणाल्या असत्या तरी मला तेवढंच कळलं असतं.

शेठ माणूस चांगला. सकाळचं काम त्यांनी मला परत दिलं. पण ऑर्डरी तुंबल्या होत्या, त्यामुळे त्यांनी स्पष्टच सांगून टाकलं की लग्नांचा मोसम सुरू होईपर्यंत जमलं तर टेबल तुमचं, नाहीतर दुसरा कटर आणावा लागेल, तुम्ही काजं-बटणं सांभाळा. काजं-बटणांत कमीपणा काही नाही. पण मी कटर आहे. माझ्या खडूच्या रेघेवर बाकीचे शिवतात. ते टेबल गेलं तर माझ्याकडे राहिलं काय, नुसतं वजन?

बायको त्याच दुकानात मशीनवर बसते. तिने मार्ग काढला होता: एक कपडा कापायचा, मग ट्रायल रूममध्ये पडदा ओढून चटईवर थोडं पडायचं. दोन-चार दिवस पडलोही. मग एका गिऱ्हाइकाने पँट घालून बघायला पडदा सरकवला आणि जमिनीवर मला लांब झालेलं पाहून अशी बोंब ठोकली की अख्खं दुकान धावत आलं. सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर मात्र पडणं बंद. बायकोने विचारलं की म्हणायचो, मला काही होत नाही.

त्या दिवशी दोन कोट कापून झाले होते आणि तिसऱ्याचं चौकडीचं कापड समोर आलं. गिऱ्हाइकाने जपून ठेवलेलं, जेमतेम पुरणारं, आता कुठे मिळत नाही म्हणे. एरवी कापड दुमडून कापतात, म्हणजे कोटाचा डावा-उजवा भाग आपोआप निघतो. कापड अपुरं असलं, त्यातून चौकडी जुळवायची असली, की ते उलगडून एकेरी कापावं लागतं. मापाचा कागद ठेवून एक भाग कापायचा, कागद पालथा करायचा, मग दुसरा कापायचा. यात अवघड काही नाही.

"अहो, आधी थोडं पडा," बायको हळूच म्हणाली.

मी तिच्या अंगावर खेकसलो. मला शिकवू नकोस म्हटलं, चारचौघांत. तिने मान खाली घालून मशीन सुरू केली.

चौकडी मी अशी जुळवली की बघत राहावं. कागद पालथा करायचा मात्र राहिला. तुकडे न्यायला आली तेव्हा तिने एकावर एक ठेवले आणि तिथेच थांबली. कोटाला दोन्ही भाग उजवे.

"एक उलटा घेऊ," ती पुटपुटली. "चौकडी दोन्हीकडून सारखीच दिसते. मी शिवते, शेठना नाही कळायचं."

हिची टीप दोऱ्याएवढी वाकडी गेली तरी ही अख्खी शिवण उसवते. ती माझ्यासाठी उलटं कापड लावायला निघाली होती. चुकीपेक्षा तेच मला जास्त लागलं. मी तुकडा दाराच्या उजेडात धरला. उलट्या बाजूचा रंग मळका होता, दुकानाबाहेर पडल्याबरोबर कुणालाही दिसला असता.

तुकडे घेऊन शेठपुढे गेलो. चुकलं म्हणालो. वर कापड अपुरं होतं, उजेड नीट नव्हता, असलं काहीबाही जोडलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मास्तर, तुम्ही घरी गेलात की तुमचे तुकडे मी रोज मापून बघतो. पहिला कोट नेहमी चोख असतो. दुसरा बहुतेक ठीक. घोळ असतो तो नंतरच्यात."

"मग आजवर ओरड कशी नाही आली?"

शेठची नजर माझ्या मागे, बायकोच्या मशीनकडे गेली. मी वळून पाहिलं. बायको सुईत दोरा ओवत होती आणि तो ओवला जात नव्हता.

मला वाटत होतं लपवणारा मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला, तोही कुणाचा ते कळेना. शेठ शांतपणे बोलत राहिले. बाह्यांचं कापड शाबूत आहे, त्यातून डावा भाग काढू, गिऱ्हाईक तयार असेल तर बिनबाह्यांचं जाकीट होईल. आणि उद्यापासून पहिला कोट माझा, पुढचे दुसरा कटर कापेल. रोज एक कोट. एके काळी मी चहाच्या आधी एवढं कापायचो.

"फोन मी करू की तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी करतो असं म्हणायला तोंड उघडलं. गिऱ्हाईक काय बोलेल, मी काय बोलेन, ते जुळवायला गेलो तर डोक्यात शब्दच उभे राहिनात.

"मीच करणार, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पण आत्ता नाही, शेठ. आत्ता मी दमलोय."

बायकोने हातातली सुई खाली ठेवली. इतक्या महिन्यांत हे मी तिलाही सांगितलं नव्हतं.