आपणहून पडणारा नवरा

लेकाचं वागणं म्हाताऱ्या आईला मुळीच पटत नव्हतं. बायकोचं मनगट धरलं रे धरलं, की ती वळायच्या आधीच हा आडवा. चष्म्याच्या दुकानाचा मालक, गिऱ्हाइकासमोर ताठ मानेनं उभा राहणारा, आणि बायकोपुढे दोरीवरून निसटलेल्या चादरीसारखा घसरायचा.

दोघं नवराबायको आयकिडोच्या वर्गाला जात. धरायला आलेल्याचाच जोर वळवून त्याला गादीवर लोळवायचं, अशी ती विद्या. रविवारी सुनेची तपकिरी पट्ट्याची परीक्षा होती. मागच्या खेपेला ती नापास झाली होती. "जोडीदार पडलेला दिसला, तुम्ही पाडलेला दिसला नाही," असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं. जोडीदार अर्थातच नवरा. आणि आईनं तर परीक्षेआधीच पट्ट्याची बातमी अख्ख्या जिन्याला सांगून टाकली होती. तेव्हापासून शेजारीण समोर आली, की आईला खाली वाकून चप्पल नीट करावी लागे.

"अरे, जरा धरून तरी ठेव तिला."

"आई, हात मुरगळला म्हणजे?"

"हाताचं राहू दे. नापास झाल्याचं जास्त लागलंय तिला. सरक बाजूला."

आईनं बाह्या सारल्या आणि सोफ्यापुढे उभं राहून सुनेचं मनगट पकडलं. जन्मभर ओल्या चादरी पिळलेला हात तो. सुनेनं ओढलं, ढकललं, तिचं तोंड लालबुंद झालं. आई टीव्हीवरच्या बातम्या बघत उभी.

"आई, थोडं सैल सोडा ना."

"सरांनाही हेच सांगणार आहेस?"

रोज जेवणं आटोपली की हाच कार्यक्रम. शेवटी एका रात्री सुनेनं ओढाताण सोडूनच दिली. ती सासूच्या शेजारी सरकली, सासू बघत होती तिकडेच बघू लागली, आणि अलगद वळली. काय झालं ते कळायच्या आत आई सोफ्यावर होती.

लेकाचे डोळे विस्फारले. "आई, पडलीस?"

"पडतेय कशाला? बसले. पाय दुखत होते." मनगट चोळत तिनं सुनेकडे एकदा नीट पाहून घेतलं. "रविवारी मी येतेय. पुढच्या रांगेत."

रविवारी सरांनी सुनेला पुकारलं. लेकानं मनगट धरलं, सवयीनं गुडघे सैल सोडणार, तोच समोर आई दिसली. लहानपणी त्याचा दुधाचा पेला संपेस्तोवर बघायची, तशी त्याच्या गुडघ्यांकडे बघत बसली. त्यानं घाबरून मनगट असं आवळलं, की बोटं पांढरी पडली. सून त्याच्या शेजारी सरकली, वळली, आणि चष्मेवाले हवेतून गेले. गादी अशी वाजली, की चहा पिणाऱ्या सरांनी कप खाली ठेवला.

सून पास झाली.

बाहेर पायऱ्यांवर लेक कमरेला हात लावून वाकला होता. "आई, फार लागलं गं."

आई सुनेचा नवा पट्टा पिशवीत वरच्या वर, जिन्यात सगळ्यांना दिसेल असा ठेवत होती. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "लागणारच. इतके दिवस आपणहून पडत होतास आणि त्याला प्रेम म्हणत होतास. आज धरून ठेवलंस, तेव्हा कुठे तिला काही करून दाखवता आलं. नवरा म्हणून पास झालास हो, पण काठावर."