कारकून रस्ता ओलांडतो

सिग्नलच्या कोपऱ्यावर माझी चपला-बूट दुरुस्तीची टपरी आहे. खाली मान घालून बसायचा धंदा, त्यामुळे माणसं मला पावलांवरूनच कळतात. कारकुनाचंही तसंच. कारकून म्हणजे आमचा तांबडा कुत्रा. सकाळी साडेनऊला ऑफिसवाल्यांच्या घोळक्यातून रस्ता ओलांडून येतो, सहाला त्यांच्याबरोबरच परत जातो. सुट्टीच्या दिवशी फिरकतही नाही.

पूर्वी तो कुणाच्याही मागे जायचा. दोन वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या टपरीतला चष्मेवाला चालणाऱ्यांचा दिवा लाल असताना धावत सुटला, हाही मागोमाग गेला, आणि दोघं गाडीसमोर आडवे झाले. चष्मेवाल्याचं खरचटण्यावर भागलं. कारकुनाचा मागचा पाय मात्र कायमचा अधू झाला. तेव्हापासून बुटा-चपलांच्या चार-पाच जोड्या एकदम हलल्याशिवाय हा पठ्ठ्या पाऊल टाकत नाही.

कुत्रा पायात आला म्हणून चष्मेवाल्याने डूख धरला आणि आता तक्रार ठोकली: कुत्रा रस्त्यात घुसतो, अपघात होतील. परवा सहाच्या सुमारास पालिकेची कुत्री पकडणारी गाडी आली, त्यातून साहेब आणि जाळीवाला उतरले. जाळी बघून मी हातातली आरी टाकून उठलो. दिवसभर माझी बडबड ऐकून घेणारं दुसरं आहे कोण मला?

"साहेब, तो माणसांच्या घोळक्यातूनच जातो," मी म्हटलं.

"याचं काय ऐकता, हा त्याचा सख्खा मामा," चष्मेवाला म्हणाला. "एक माणूस उतरला की ते पायात येतं. थांबा, दाखवतोच."

आणि दिवा लाल असतानाच हा शहाणा रस्त्यात उतरला.

कारकुनाने चकचकीत बुटांची ती एकटी जोडी पाहिली, जांभई दिली आणि बूड टेकलं. तिकडे एका स्कूटरवालीने करकचून ब्रेक दाबला आणि चष्मेवाल्याचा सगळ्यांदेखत उद्धार केला.

दिवा हिरवा झाला. घोळका हलला तसा कारकून उठला आणि मधोमध लंगडत, रुबाबात पलीकडे गेला.

साहेब जाळीवाल्याला म्हणाले, "गुंडाळ ती. रस्त्यात घुसणारा सापडला, पण तो आपल्या खात्यात येत नाही."

मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. जिंकलो होतो आम्ही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला पलीकडच्या फुटपाथवर चार पंजांशेजारी ते चकचकीत बूट थांबले होते. पंजे हलले, तेव्हाच बूट हलले.