महादेवीची मूठ

निजामाच्या सरकारी हायस्कुलात सगळं शिकवणं उर्दूतून. म्हणून लातुरात आम्ही आमची मराठी शाळा काढली. आता दोन नव्या खोल्या बांधायच्या होत्या, गरीब पोरांना फुकट जेवू घालायचं होतं. त्यासाठी नियम मीच केला. घरातल्या प्रत्येकानं, लेकरानंसुद्धा, रोज आपल्या हातानं मूठभर ज्वारी शाळेच्या गाडग्यात टाकायची. शुक्रवारच्या सुट्टीत मी झोळी घेऊन दारोदार फिरायचो.

नीलम्मा विधवा, जिनिंगात कापूस निवडायची. घरात ती आणि सहा वर्षांची महादेवी. मला बघितलं की पोर गाडगं उचलून पळत यायची.

त्या शुक्रवारी गाडगं नीलम्मानं आणलं. हातात घेताच कळलं, हलकं होतं. माझं डोकं फिरलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा मी ओरडलो, "शाळेलाबी फसवायलीस का, नीलम्मा? दोघींच्या मुठी कुठं हायत?"

ती आतून सुपात ज्वारी घेऊन आली आणि माझ्यासमोर मुठी टाकू लागली. पण मूठ पुरती भरतच नव्हती. बोटं आखडून इवलीशी करत होती.

"अगं, पुरी मूठ घाल की!"

तिनं वर बघितलं नाही.

"सोमवारी पटकीनं गेली पोर. तिच्या चार मुठी राहिल्यात, त्या टाकायलेय. तिची मूठ एवढीच हुती, मास्तर."