बोलत चाला, मावशी

हाताची पकड मोजायचं यंत्र ट्रेनरने पुढे केलं, तेव्हा धाकटीने आधी ते उलटंपालटं करून बघितलं, मंडईत वांगं बघावं तसं. मग मूठ आवळली. काटा असा काही सरकला की ट्रेनरने यंत्र हातात घेऊन हलवलं, कानाशी नेलं आणि म्हणाली, मावशी, आता दुसऱ्या हाताने. दुसऱ्या हातानेही तेच. पलीकडे वजनं उचलत बसलेला बेकरीवाला मान वळवून बघत होता. आपला स्वतःचा आकडा आठवून त्याने हळूच मान परत वळवली.

धाकटीला त्यात काही विशेष वाटलं नाही. अर्धं आयुष्य मागावर गेलेलं. तुटलेला धागा चिमटीत धरायचा, ओढायचा, गाठ मारायची, की पुढचा तुटलेलाच. बोटं नुसती दिसायला बारीक.

सायकलच्या दुकानावरची ती व्यायामशाळा लांबट होती. खाली रबराची काळी चटई, एका भिंतीला आरसा, दुसऱ्या भिंतीला उंची मोजायची पट्टी, आणि खिडकीशी ओळीने लावलेल्या ट्रेडमिल. ट्रेनर तिशीची, आखूड केसांची, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी तिने कधी वाजवलेली कुणी ऐकली नव्हती. आजारातून उठलेली माणसं ती खास करून घ्यायची. पहिल्या दिवशी आधी माप घ्यायची, शर्यतीला घोडा घ्यावा तसं नव्हे, शिंपी घेतो तसं. खुर्चीवरून हात न टेकता उठा, बसा. पाय पसरून पुढे वाका. एका पायावर उभ्या राहा. धाकटी सगळं करत गेली. दम लागला तो खुर्चीच्या वेळी, पण तोही पाण्याच्या घोटासारखा आला आणि गेला.

राहिली होती शेवटची चाचणी, आणि सगळं घोडं त्या चाचणीशीच अडलं होतं.

गेल्या थंडीत धाकटीला न्यूमोनिया झाला होता. दुखणं छातीत येऊन बसलं आणि उठायचं नाव घेईना. बरी होऊन ती कामावर गेली तेव्हा मुकादमाने तिला मागखात्यात पाऊल टाकू दिलं नाही. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या खोलीत बसवलं, स्टुलावर. मुकादम वाईट नव्हता. तो म्हणाला की चार माग सांभाळायचे म्हणजे सगळी पाळी चालणं आहे, आणि चालता चालता तुला भोवळ आली तर मागाच्या फिरत्या पट्ट्यावर पडशील, मग मी तुझ्या ताईला तोंड कसं दाखवू. ट्रेनर सांगेल की ही दम टिकवून चालते, तर ये. नाही तर पहिल्या तारखेला तुझ्या मागांवर दुसरी बाई लावतो.

धाकटीचे माग आणि थोरलीचे माग समोरासमोर होते, मधे अरुंद वाट. लग्नं झाली, दोघी वेगळ्या घरी गेल्या, दोघींचे संसार वाढले, पण पाळीला दोघी पाठीला पाठ लावून उभ्या. धाकटी मागे सरली की थोरलीचा पदर लागायचा. स्टुलावर बसून कांड्या भरताना तिला पाठीत सारखी थंडी वाजायची.

शेवटची चाचणी दिसायला सोपी होती. ट्रेडमिलवर चालायचं आणि मधूनमधून बोलायचं. धाकटीला रक्तदाबाची गोळी चालू होती. त्या गोळीने नाडी दबून राहते, म्हणून मनगटावरच्या आकड्याचा भरवसा नाही, असं ट्रेनरने समजावलं. दमाचं खरं माप म्हणजे तोंड. आरामात चालताना माणूस गाऊ शकतं. वेग वाढला की गाणं तुटतं, पण बोलणं राहतं. आणखी वाढला की बोलणंही तुटतं. मागावरच्या कामाला मधली पायरी लागते. त्या वेगाला बराच वेळ चालत राहायचं, आणि मी विचारलं की नीट वाक्य बोलून दाखवायचं.

पट्टा सुरू झाला. धाकटी चालू लागली, ताठ, पावलं मोजकी. ट्रेनरने थोडा वेग वाढवला आणि विचारलं, "बोलता येतंय का, मावशी?"

धाकटीने मान हलवली. ओठ हलवले. ट्रेनरने कान पुढे केला. आवाज नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा ओठ हलले, पुन्हा आवाज नाही. ट्रेनरने चटकन पट्टा थांबवला, तिला खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की एवढ्या सावकाश वेगाला शब्द फुटत नाही म्हणजे छाती अजून तयार नाही.

"पण मी बोलले की," धाकटी म्हणाली. आता मात्र आवाज ठणठणीत.

ट्रेनरला वाटलं, मावशीला वाईट वाटतंय म्हणून म्हणते आहे. परवा पुन्हा बघू, असं म्हणून तिने तिला घरी पाठवलं.

थोरलीने हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बहीण बोलत नाही? लहानपणी हिला गप्प करायला आई गुळाचा खडा द्यायची. तिने धाकटीला तिथल्या तिथे उठवलं आणि इमारतीच्या जिन्यात नेलं. आपण वर कठड्याशी उभी राहिली, धाकटीला म्हणाली, चढ आणि बोल. धाकटी चढली, उतरली, पुन्हा चढली, आणि सगळा वेळ थोरलीशी बोलत होती. नवीन येणाऱ्या बाईचा हात चालत नाही म्हणे, तुझ्या सुनेने पडदे कुठून घेतले, मुकादमाने मिशा काढल्या तर तो कसा दिसेल. थोरली हसून हसून कठड्यावर वाकली. मग म्हणाली, "एक शब्द अडला नाही तुझा. त्या पोरीचेच कान तपासायला हवेत."

दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही की सगळ्या जिन्यात आवाज फक्त थोरलीच्या हसण्याचा होता.

ठरल्या दिवशी थोरली स्वतः बरोबर आली. पदर खोचून. ट्रेनरने नमस्कार करायच्या आत तिने सांगून टाकलं की मी इथेच उभी राहणार, समोर, आणि बघते कसं ऐकू येत नाही ते. ट्रेनर हसली. तिने पट्टा सुरू केला. धाकटी चालू लागली. वेग वाढला.

"बोलता येतंय का?"

धाकटीचे ओठ हलले.

"काय म्हणाल्या?" ट्रेनरने थोरलीला विचारलं.

"म्हणते, वेग वाढवा, हे तर देवळात प्रदक्षिणा घातल्यासारखं झालं."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"मग? आलं की." थोरली म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. तिने धाकटीच्या तोंडाकडे बघितलं. धाकटी अजून बोलत होती. थोरलीने हळूच डोळे मिटले. डोळे मिटले तशी बहीण नाहीशी झाली. नुसती पट्ट्याची घरघर राहिली. डोळे उघडले, बहीण पुन्हा बोलू लागली.

थोरली मटकन बाकावर बसली.

मग तिने ट्रेनरला मागखात्याचं सांगितलं. तिथे इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा आवाज असा असतो की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही पोचत नाही. नवी बाई आठवडाभर ओरडते, घसा बसतो, मग शहाणी होते. हात कामात, पाय चालते, आणि बोलणं ओठांवर. मान वळवायची, दुसरीने ओठ वाचायचे. आवाज काढून करायचा काय, तो फुकटच जायचा. इतकी वर्षं झाली, आमचं आम्हाला कळतसुद्धा नाही की आवाज कधी लावला आणि कधी नाही. पाय कामाच्या चालीने चालू लागले की आवाज आपोआप आत जाऊन बसतो.

ट्रेनर ऐकत राहिली. तिला पटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. पण तिने मान हलवली. मला वाटणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, ती म्हणाली. ओठ हलवायला दम लागत नाही, आवाजाला लागतो. मुकादमाला मी ऐकल्याशिवाय कसं सांगू? उद्या ह्या पडल्या तर?

म्हणून धाकटीने आवाज काढायचा प्रयत्न केला. पट्टा हळू केला, तिने घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि एक शब्द आला, तोही चोरट्यासारखा. दुसऱ्या पावलाला ओठ पुन्हा मुके. उभी राहिली की बोलत होती, चालली की गप्प. बेकरीवाला म्हणाला, मावशी, मला शिव्या द्या, बघा येतात का. त्यावर ती हसली, तेही बिनआवाजाचं. तिचे डोळे भरून आले. पहिली तारीख तोंडावर आली होती आणि छाती बिचारी कधीची तयार होऊन बसली होती.

थोरली उठली. पदर परत खोचला.

"बाई, इथली सगळी यंत्रं चालू करा," ती ट्रेनरला म्हणाली. "एकूण एक. ही गोंगाटात गाते."

"गातात?"

"तर काय. मागावर प्रत्येकजणी गाते. कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तर गाते. बोलणं दुसरीसाठी असतं, ते ओठांवर. गाणं आपलं आपल्यासाठी, ते मोकळ्या गळ्याने. मी पण गाते. हिचं मी कधी ऐकलेलं नाही, नुसता गळा फुगलेला बघितला आहे."

ट्रेनर कामाला लागली. रिकाम्या ट्रेडमिल सुरू केल्या. मोठे पंखे लावले. बेकरीवाला लोखंडी वजनं एकावर एक आपटू लागला, मनापासून, जन्मभर याचीच वाट बघत असल्यासारखा. कोपऱ्यातली वकीलबाई दोरीवर उड्या मारू लागली. खोली घुमायला लागली. खालचा सायकलवाला वर येऊन डोकावला आणि परत खाली उतरला.

धाकटी चालत होती. खांदे आधी उतरले. मान सैल झाली. मग गळ्याशी काहीतरी थरथरलं, पहाटे पाखरू पंख झटकतं तसं. ट्रेनर तिच्या अगदी जवळ गेली. थोरली पुढे सरसावली, गळा फुगला होता.

ट्रेनरने हात वर केला. बेकरीवाल्याने वजन अलगद खाली ठेवलं. दोरी थांबली. एक पंखा बंद झाला, मग दुसरा. एकेक रिकामी ट्रेडमिल निवत गेली. आवाज असा ओसरत गेला जसं पाणी ओसरतं, आणि तळाशी हळूहळू दिसू लागलं ते धाकटीचं गाणं.

*तुटला गं धागा, त्याला बांधिते मी गाठ,*
*माझ्या मागाची गं वाट, सुटेना मला.*

*छातीत दुखणं, आलं पाव्हणं होऊन,*
*गेलं पाणीच पिऊन, दारातून.*

आवाज जाडसर होता, थोडा कापरा, पण भरलेला. त्यात कुठे फट नव्हती. तिसरी ओवी जुळवता जुळवता धाकटीच्या कानावर तिचाच आवाज पडला. तिने इकडेतिकडे बघितलं. सगळे थांबलेले, सगळे तिच्याकडे बघत असलेले. पाऊल अडखळलं. ट्रेनरचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला.

धाकटीने तो हात बाजूला सारला, त्याच पकडीने, आणि गात राहिली. आता सगळ्यांना ऐकू जातंय हे माहीत असून.

*ताई गं पाठीशी, भिंत नको दुजी काही,*
*तिच्या सावलीच्या ठायी, माझं ऊन.*

थोरलीने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं पाठीला पाठ लावून उभी असलेली ही बाई काय गात होती, ते तिला आज कळत होतं.

ट्रेनरने वेग वाढवला. गाणं चालूच. मधल्या पायरीला गाणं तुटायला हवं होतं, ते तुटेना. तिने पट्ट्याला चढ दिला. गाणं चढावर चढलं. आणखी चढ दिला, तेव्हा कुठे ओळ मधेच तुटली, धाकटीने मोठा श्वास घेतला आणि पहिल्यांदा चालता चालता, खणखणीत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलली. "बाई, हा काय डोंगर केलात? मागखात्यात जमीन सपाट असते."

बेकरीवाल्याने जांघेवर थाप मारली. वकीलबाई हसता हसता दोरीत अडकली. ट्रेनर मात्र हसत नव्हती, ती विचारत होती. घर कुठे, मुलं किती, सकाळी काय खाल्लं. धाकटी उत्तरं देत होती, एकेक वाक्य पूर्ण, श्वास मधे घेऊन, शेवटपर्यंत नेऊन. बराच वेळ. चढ कमी केल्यावर तर ती आपणच विचारू लागली. ट्रेनरची आई कुठे असते, शिट्टी गळ्यात आहे तर वाजवत का नाही. शेवटी ट्रेनरच म्हणाली, मावशी, पुरे, मलाच दम लागला.

तिने तिथूनच मुकादमाला फोन लावला. काय बोलली ते थोडक्यात होतं. पूर्ण पाळी चालेल, आणि बोलत चालेल. पलीकडून मुकादमाने काहीतरी विचारलं असावं, कारण ट्रेनरने धाकटीकडे बघून डोळे मिचकावले. "दमाचं काय विचारता," ती म्हणाली, "माझ्याकडे चढ संपला."

पहिल्या तारखेला पाळीचा भोंगा झाला. मागखात्याच्या दारात मुकादम उभा होता. तो बाजूला झाला. धाकटी आपल्या मागांमधून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली, प्रत्येक मागाच्या लाकडावर हात ठेवत. ती दमली तर टेकावं म्हणून कुणीतरी मागाशी स्टूल आणून ठेवलं होतं, ते तिने उचलून भिंतीकडे नेऊन ठेवलं. मग पहिल्या मागाची दांडी ओढली. धोटा सुटला. ताण्याचे उभे धागे थरारले, वर गेले, खाली आले. दुसरा माग, तिसरा, चौथा. चारी बाजूंनी तो जुना गडगडाट उठला आणि पायांतून छातीत शिरला, आणि छातीने तो पुरता आत घेतला.

ती एक पाऊल मागे सरली. पाठ थोरलीच्या पाठीला टेकली, ऊबदार. समोर बोटभर कापड विणून झालं होतं, पांढरंशुभ्र, आणि वाढत होतं.