मॅनियनांचा बंद रेडिओ

शनिवारी दुपारी चार वाजता कोलमन टिअर्नीनं मॅनियनांच्या दारात गाडी उभी केली. फेस्टी मॅनियनला पुरून तीन आठवडे झाले होते. रविवारी संध्याकाळी त्याचा आवाज रेडिओवर लागायचा होता आणि त्याच्या बायकोला, सॅबिनाला, ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"आत ये. तुम्ही डब्लिनची माणसं दारातच भिजत बसता," ती म्हणाली.

फळीवरच्या रेडिओवर काळं फडकं होतं.

तरुणपणी कोलमन कथा लिहायचा. एक पुस्तक निघालं. मग रेडिओत नोकरी लागली आणि तो गावोगाव माणसांना बोलतं करत हिंडला. तेव्हा आवाज तबकड्यांवर कोरत. त्याची गाडी आली की बायका कोंबड्या हाकलत, घड्याळाचा लंबक धरून ठेवत. दुसऱ्या पुस्तकाचं कुणी विचारलं तर तो म्हणे, "ही माणसं माझ्यापेक्षा बरं बोलतात." त्यांतला पहिला फेस्टी. आता निवृत्तीआधीचा शेवटचा कार्यक्रमही त्याचाच होता, होडी बांधण्यावरचा.

कोलमननं सगळं सांगितलं.

"माणूस गेलं की वर्षभर या घरात रेडिओ लागत नाही. ठाऊक आहे ना तुला?"

"तुझ्या घरात नाही लागणार."

"म्हणजे सगळ्या गावानं माझा नवरा ऐकायचा आणि मी भिंत बघत बसायचं?"

"वर्षभर थांबलो असतो, सॅबिना. पण तोवर मी रेडिओत नसेन, आणि टेप पुसून पुन्हा वापरतात. उद्या नाही तर मग नाहीच."

तिनं चहा ओतला. "बोलतो तरी काय?"

"होडीबद्दल. मध्येच तुझ्याबद्दल."

"काय?"

"तू चहा फार कडक करतेस म्हणून."

"खोटारड्या! जन्मभर पाणचट म्हणून नावं ठेवली मेल्यानं!" ती हसली आणि एकदम थांबली. "खरं काय म्हणाला ते सांगू नकोस. लाव उद्या. पण हे फडकं निघायचं नाही. त्याच्या आईनं नवऱ्याचं वर्ष पाळलं, मीही पाळीन."

रविवारी लागलेल्या टेपवर, बायकोचा विषय निघण्याआधी फेस्टी बराच वेळ गप्प होता. तंत्रज्ञानं आधीच विचारलं होतं, "इथं काहीच नाही. कापू?" कोलमननं कापू दिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी शेजारच्या बॅब फोलननं पोस्टातून फोन केला.

"सगळ्यांनी दारं उघडी टाकून रेडिओ मोठ्यानं लावला होता, पाऊस आत येत होता तरी."

"आणि सॅबिना?"

"विहिरीवर निघाली होती. घरात दोन बादल्या भरलेल्या, मी दुपारीच बघितल्या होत्या. रस्त्यानं चालली होती, सावकाश."

"तो तिच्याबद्दल बोलला, तेव्हा कुठं होती?"

"कुणास ठाऊक. आम्ही सगळे दाराकडे पाठ करून बसलो होतो, कोलमन."

अंधार पडल्यावर ती पाणी घेऊन परतली, एवढंच बॅबला माहीत होतं.